कावजीचं नाक

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एका मराठी माणसाचं चित्र आणि त्याच्याबद्दलचं एक पत्र छापून आलं. पत्राखाली फक्त 'बी. एल.' अशी आद्याक्षरं होती. चित्रातला माणूस राजा नव्हता, सरदार नव्हता, साधा बैल हाकणारा होता. त्याच्या कपाळावर एक मोठा व्रण दिसत होता आणि तो व्रण जिथे संपतो तिथून खाली नाक होतं. नवं नाक. ते पुण्याजवळच्या एका कुंभाराने बसवलं होतं, १७९३ साली.

इंग्रजांनी त्याचं नाव 'कावसजी' असं लिहिलं आहे आणि पुढे सगळ्यांनी तेच उचललं. पण त्याच पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचंही म्हटलंय. कावसजी हे नाव पारशी घरातलं. माझ्या मते हा आपला कावजी असावा. शिवकाळापासून मावळात हे नाव ऐकू येतं, आणि इंग्रजी कानाला मुंबईतल्या पारशी कावसजींची सवय होती. म्हणून मी त्याला कावजीच म्हणणार आहे.

हा कावजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र लढले. मराठ्यांकडून हरिपंत फडके आणि तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन गेले होते. म्हणजे आपल्या भागातली पुष्कळ माणसं त्या मोहिमेत श्रीरंगपट्टणापर्यंत चालत गेली असणार. तोफा ओढायला बैल, धान्य वाहायला बैल. बैल थांबले की फौज थांबली. म्हणून शत्रू आधी बैलवाल्यांना गाठायचा. कावजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं.

टिपूचं नाव आलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात, म्हणून इथेच सांगतो. ही शिक्षा क्रूर होती, आणि ती क्रूर म्हणायला मला अडचण वाटत नाही. तशीच ती एकट्या टिपूची नव्हती. नेपाळात पृथ्वीनारायण शाहच्या गोरखा सैन्याने कीर्तिपूर जिंकल्यावर गावच्या लोकांची नाकं कापली होती. विजापूरच्या आदिलशाहीची गोष्ट पुढे येईलच. जीव न घेता माणसाला आयुष्यभर लोकांसमोर मारत राहण्याची ही रीत होती. मी वर्गात मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. म्हणी आणि वाक्प्रचार आले की 'नाक कापलं जाणं' आणि 'नाक कटना' फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. मुलं हसतात. दोन्ही भाषांनी अब्रू नाकावरच ठेवली आहे.

कावजी बारा महिन्यांहून अधिक काळ नाकाशिवाय राहिला. या बारा महिन्यांपाशी मला थांबावंसं वाटतं, कारण सगळा प्रश्न तिथे आहे. नाक नसल्याने माणूस मरत नाही. जखम भरली होती. श्वास घेता येत होता. कंपनीने त्याला पेन्शन दिली होती, म्हणजे पोटाचीही सोय होती. तरी त्याने पुन्हा एकदा चेहऱ्यावर सुरी चालवून घ्यायचं ठरवलं. तेही शुद्धीत, कारण क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नास वर्षांहून जास्त अवकाश होता. डॉक्टर ज्याला 'प्लॅन्ड ऑपरेशन' म्हणतात, आमच्या मोहल्ल्यात ज्याला 'सवडीचं ऑपरेशन' म्हणतात, ते हेच. केलं नाही तर जीव जाणार नाही. केलं तर मात्र जाऊ शकतो.

दुसरे इलाज होते का? होते. नाकाच्या जागी काहीतरी बसवणं हा फार जुना इलाज. अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या हदीससंग्रहांत अरफजा बिन असअद या सहाबींची हकीकत येते. कुलाबच्या लढाईत (हे अरबस्तानातलं कुलाब, आपल्या मुंबईचा कुलाबा नव्हे) त्यांचं नाक गेलं. त्यांनी चांदीचं नाक करून बसवलं. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्यांना सोन्याचं नाक करून घ्यायला सांगितलं. पुरुषाला सोनं मना आहे, तरीही. आपले फुकहा या हदीसचा आधार घेऊन दात सोन्याने बांधण्यापर्यंत बोलले आहेत. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पहिला इलाज बाधला, हे ऐकून घेतलं गेलं आणि इलाज बदलला. सबर कर, असं सांगून अरफजांना परत पाठवलं नाही. पण कंपनीच्या पेन्शनवर जगणाऱ्या बैलवाल्याला सोन्याचं नाक कुठून परवडणार?

आता त्या कुंभाराने काय केलं ते पाहू. पत्रात ते इतकं नीट लिहिलंय की वाचणारा स्वतः करून पाहील, आणि पुढे एकाने करून पाहिलंही.

आधी त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून नाकाचा साचा केला. मग तो साचा उलगडून, सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेने रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलून काढली, पण पूर्ण सुटी केली नाही. दोन भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेलीच ठेवली, पानाला देठ असतो तशी. तुटक्या नाकाच्या कडेला चीर पाडून ती ताजी केली. मग कपाळाची कातडी देठापाशी पिळून खाली वळवली आणि त्या चिरेत बसवली. वर पानात खायचा कात पाण्यात मऊ करून कापडाच्या तुकड्यांवर लावला आणि अशा पाच-सहा घड्या एकावर एक ठेवल्या. टाका एकही नाही. चार दिवस पट्टी हलवायची नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती घालायच्या. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी तो देठ कापून नाकाचा वरचा भाग सारखा करायचा.

सगळी अक्कल त्या देठात आहे. कपाळाची कातडी पूर्ण कापून नाकावर चिकटवली असती तर ती दोन दिवसांत काळी पडून कुजली असती. भुवयांच्या मधून रक्तवाहिन्या वर कपाळात जातात. देठ ठेवला म्हणजे रक्त चालू राहतं. तीन-साडेतीन आठवड्यांत खालच्या जखमेतून नव्या वाहिन्या फुटून कातडीत शिरतात, तेव्हा देठाची गरज संपते. त्या कुंभाराला रक्ताभिसरणाचा सिद्धांत कुणी शिकवला नव्हता. पण पंधराव्या दिवशी देठ कापला तर काय होतं, हे त्याला किंवा त्याच्या बापाला कधीतरी दिसलेलं असणार.

तो कुंभार होता याचं इंग्रजांना फार नवल वाटलं. पत्रात त्याची जात वीट करणाऱ्यांची म्हणून दिलीय. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी महिनाभर जाऊन उभं राहा, मग त्याचं नवल वाटणार नाही. मातीत नाक उमटवणं हा ज्या हातांचा रोजचा धंदा, त्या हातांना मेणाचा साचा उलगडून कपाळावर केवढा होईल, याचा अंदाज आमच्यापेक्षा नक्कीच जास्त असणार.

ही विद्या कुठून आली? सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत आहे. तिथे कातडी गालाची घेतात, झाडाचं पान नाकाएवढं कापून मापाला घेतात आणि श्वासासाठी दोन पोकळ नळ्या ठेवतात. म्हणजे नातं दिसतं, पण रीत तीच नाही. गालावरून कपाळावर यायला किती पिढ्या लागल्या, ते पोथीत नाही. बगदादमध्ये याह्या बरमकीने मंका नावाच्या हिंदी वैद्याकडून सुश्रुताचं अरबी भाषांतर करवलं होतं, अशी नोंद इब्न अल-नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये आहे. तिथे त्याचं नाव 'सुस्रुद' असं झालंय. ज्ञानाला पासपोर्ट लागत नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

आपल्याला आणखी जवळचा पुरावा आहे. निकोलाव मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात होता आणि स्वतः वैद्यकी करायचा. मोगलांनी विजापूरवर स्वारी केली तेव्हा चारा-धान्य आणायला बाहेर पडलेल्या मोगल माणसांची नाकं विजापूरवाले कापून टाकत, आणि तिथले जर्राह कपाळाची कातडी खाली वळवून त्यांना नाक करून देत, असं त्याने लिहून ठेवलंय. अशी नाकं असलेली कितीतरी माणसं आपण पाहिली, असंही तो म्हणतो. विजापूर १६८६ मध्ये पडलं. म्हणजे कावजीच्या शंभर वर्षं आधी, ज्या आदिलशाहीत आपला पन्हाळा आणि मिरज होती, तिच्या राजधानीभोवती ही विद्या चालू होती. हा जर्राह शब्द आता आपल्या बोलण्यातून गेला. हकीम राहिला, जर्राह गेला. उर्दूच्या पुस्तकात आला तर मला मुलांना अर्थ सांगावा लागतो: कापणारा, टाके घालणारा वैद्य.

इथपर्यंत गोष्ट अभिमानाची आहे आणि बहुतेक लेख इथेच संपतात. व्हॉट्सॲपवर येणारे तर हमखास. पण मला एक प्रश्न सतावतो. कावजीचं चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलं, कारण त्याचं नाक जमलं होतं. ज्यांचं नाक जमलं नाही, त्यांचं चित्र कुणी काढलं? ज्याची कपाळाची कातडी कुजली, ज्याला आधी नाक नव्हतं आणि नंतर कपाळही धड राहिलं नाही, तो लंडनच्या मासिकात गेला नाही. मुंबईच्या इंग्रजी फौजेतल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती, ती हिंदुस्थानात सर्रास होते असंही पत्रात आहे. दहा जणांत किती जणांना जमली, हे मात्र कुणी लिहिलं नाही. आणि कावजीने निर्णय घेतला तो याच आकड्यावाचून.

फसलेल्या इलाजांची नोंद ठेवणारे लोक इतिहासात थोडे. त्यांत मी पहिलं नाव घेईन अबुल कासिम अल-जहरावी यांचं. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्यात, म्हणजे स्पेनमधल्या कोर्दोबात, त्यांनी 'अल-तसरीफ' नावाचा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. आपण त्यांच्या हत्यारांची चित्रं शेअर करतो, पण त्या भागाची सुरुवात वाचत नाही. सुरुवातीलाच ते अडाणी जर्राहांनी मारलेल्या रोग्यांच्या हकीकती सांगतात. एका बाईच्या मानेवरची गाठ कापताना शीर तुटून ती रक्तस्रावाने गेली. एका म्हाताऱ्याचा मोठा मुतखडा काढायला गेलेल्याने मूत्राशयाचाच तुकडा ओढून काढला आणि म्हातारा तीनेक दिवसांत गेला. या म्हाताऱ्याकडे आधी खुद्द जहरावींना बोलावलं होतं. खड्याचा आकार आणि रोग्याची हालत पाहून तो वाचणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. ज्या माणसाने दोनशेच्या आसपास हत्यारांची चित्रं काढून ठेवली, त्यानेच शिष्यांना सांगितलं की जिथे धोका फायद्याहून मोठा आहे, तिथे हात घालू नका.

सुश्रुतही तसाच. मुतखड्यावर आधी तूप, क्षार, काढे द्या. त्याने भागलं नाही तरच शस्त्र. आणि शस्त्र धरण्याआधी राजाची परवानगी घ्या, कारण कुशल वैद्याच्या हातूनही यश येईलच याची खात्री नाही. नाकाला ही अट घातलेली नाही, मुतखड्याला घातली आहे. हा फरक मोलाचा आहे. चेहऱ्याला रक्ताचा पुरवठा भरपूर, जखम उघडी, पू झाला तर दिसतो, म्हणून निर्जंतुक काही नसतानाही नाक जमायचं. मूत्राशय आत, अंधारात, तिथे पू झाला की माणूस गेला. आपण म्हणतो, 'ऑपरेशन म्हणजे ऑपरेशन.' जुन्या लोकांनी असं कधीच म्हटलं नाही.

आणि सुरी नको म्हणून घेतलेला इलाज? त्याचीही एक गोष्ट या नाकाच्याच कथेत आहे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने कावजीची हकीकत वाचली. तो वीसेक वर्षं त्यावर विचार करत राहिला, प्रेतांवर हात बसवत राहिला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने पहिल्यांदा एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. या अधिकाऱ्याचं नाक कुणी कापलं नव्हतं. इजिप्तच्या मोहिमेत त्याला यकृताचा त्रास झाला, त्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पारा दिला गेला, आणि पाऱ्याने नाक खाल्लं. औषधानेच. चीर न पाडता, रक्ताचा थेंब न सांडता. कार्प्यूची शस्त्रक्रिया पंधरा मिनिटांत आटोपली आणि नाक जमलं. दुसरा रोगी होता लॅथम. १८११ च्या अल्बुएराच्या लढाईत पलटणीचं निशाण वाचवताना त्याच्या तोंडावर तलवारीचे वार झाले होते आणि एक हात गेला होता. एक हात आणि नाक, अगदी कावजीसारखंच. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन्ही रोग्यांवर पुस्तक लिहिलं आणि विद्या कुठून आली हेही त्यात मोकळेपणाने सांगितलं. पुण्याच्या कुंभाराचं नाव मात्र त्याच्यापर्यंतही पोचलं नव्हतं.

मोतीबिंदूचं आणखी वाईट. गावोगाव फिरणारे वैद्य, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, सुईने डोळ्यातला गढूळ झालेला भिंग आत ढकलून द्यायचे. पाच मिनिटांचं काम. आंधळ्या म्हातारीला तिथल्या तिथे नातवाचं तोंड दिसायचं, गाव जमून पाहायचं, पैसे आणि धान्य मिळायचं. वैद्य पुढच्या गावाला निघून जायचा. मग काही आठवड्यांनी डोळा लाल व्हायचा, सुजायचा, आणि कायमचा जायचा. गावाने चमत्कार पाहिलेला असे, पण डोळा गेला तेव्हा वैद्य तिथे नसे. मद्रासच्या सरकारी नेत्र इस्पितळात रॉबर्ट एलियट नावाच्या डॉक्टरने असे गेलेले डोळे मोजायला सुरुवात केली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यावर पुस्तक लिहिलं. अपयश कुठे जमा होतं हे शोधून तिथे बसल्याशिवाय इलाजाची खरी किंमत कळत नाही, हे त्याने दाखवलं.

पण मोजणारेही चुकतात. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आला आणि सवडीच्या ऑपरेशनचा अर्थच बदलला. दुखणार नाही म्हटल्यावर माणसं बारीकसारीक कारणांसाठी टेबलावर चढू लागली. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच काही मिनिटांत गेली. ऑपरेशन कसलं होतं? पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं. पुढे अशी मरणं होत राहिली. क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडतो की श्वास, यावर वाद पेटला, आणि तो सोडवायला पैसे दिले हैदराबादच्या निजामाने. सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. दुसऱ्यासाठी निजामाने हजार पौंड देऊन लंडनहून तज्ज्ञ बोलावला. याच हैदराबादेत १८४६ पासून वैद्यकीय शाळा होती, आणि तिथे सुरुवातीला डॉक्टरी उर्दूतून शिकवत. उर्दूचा मास्तर म्हणून ही ओळ लिहिताना माझी छाती जरा फुगते. कमिशनने शेकडो कुत्री-माकडांवर प्रयोग करून निकाल दिला की श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाला धोका नाही. निकाल चुकीचा होता. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्हीने दाखवलं की भूल हलकी असतानाच क्लोरोफॉर्म हृदयाचे ठोके बिघडवून माणूस अचानक मारू शकतो. शेकडो जनावरं मोजूनही नेमकी नखवाल्या मुलीची गोष्ट निसटली होती.

कोल्हापूरकरांसाठी 'ऑपरेशन' या शब्दाचा अर्थ बराच काळ मिरज असा होता. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली आणि १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांचं मिशन इस्पितळ उभं राहिलं. भूल आणि निर्जंतुक हत्यारं दोन्ही तोवर आलेली होती. त्याच मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा. आजही लोक एकाच फेरीत दोन्ही करतात. दवाखान्यात रोगी दाखल, आणि घरची एक बाई दर्ग्यात दुआ मागायला. मला त्यात विसंगती वाटत नाही. दुआ कुणाची चीर अडवत नाही. अडवतो तो माणूस, जो म्हणतो की चीर नको, माझी पुडी घे.

मोहल्ल्यात मास्तर असल्यामुळे दवाखान्याचे कागद माझ्याकडे वाचायला येतात. जोखीम मान्य असल्याचा फॉर्म इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि सही करायला पाच मिनिटं. एका इस्पितळातून आलेल्या फॉर्मवर तर ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी होती आणि खाली अंगठा उठवून झाला होता. दुसऱ्या बाजूने येतात पुड्या, काढे, हिजामाची पत्रकं आणि 'ऑपरेशनशिवाय' अशी अक्षरं असलेले मोबाईलवरचे व्हिडिओ. त्यांच्याबरोबर फॉर्म नसतोच. म्हणून लोकांना वाटतं की तिथे जोखीमही नाही.

गुडघा बदलायचा की नाही, हा खरोखर त्या माणसाने ठरवायचा प्रश्न आहे. वजन, व्यायाम, गोळ्या यांवर काही वर्षं निघतात. नवा सांधाही बहुधा पंधरा-वीस वर्षं चालतो, मग पन्नाशीत घाई का? पित्ताशयातला खडा त्रास देत नसेल तर बहुतेक वेळा डॉक्टरही त्याला हात लावत नाहीत. पाच मिलिमीटरच्या आतला मुतखडा बहुधा भरपूर पाण्यानेच पडतो, आणि त्याचं श्रेय त्या आठवड्यात जो काढा चालू असेल त्याला मिळतं. उलट मोतीबिंदू कुठल्याही थेंबाने विरघळत नाही, हर्निया कुठल्याही पुडीने शिवला जात नाही. तिथे थांबणं हाही एक इलाजच आहे, आणि त्याचीही जोखीम असते. अडकलेला हर्निया मध्यरात्री सीपीआरला न्यावा लागतो तेव्हा ते ऑपरेशन सवडीचं राहिलेलं नसतं.

आमच्या शेजारच्या एका खालांनी दोन वर्षं डोळ्यांत मध घातलं. त्यांना मी मध सोडा म्हणालो नाही. त्यांच्या डॉक्टरांना आणि मध देणाऱ्या हकीमसाहेबांना विचारायचे प्रश्न मी उर्दूत एका कागदावर लिहून दिले. दोघांनाही तेच. माझ्यासारखी किती माणसं तुम्ही यंदा पाहिली? त्यांतल्या किती जणांचं बिघडलं? बिघडलं तर ती माणसं कुणाकडे गेली? मी काहीच केलं नाही तर वर्षभराने काय होईल? हकीमसाहेबांनी कागद वाचून घडी घातली आणि शिफा अल्लाहच्या हातात आहे, एवढंच म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. खालांनी ऑपरेशनची तारीख घेतली ती ईदनंतरची, कारण शिरखुर्मा त्यांना स्वतः करायचा होता.